पट्टा आणि अभ्यास

बेसबॉलच्या सरावात फलंदाजाचे दोन्ही दंड पट्ट्याने जोडून, बॅट फिरवताना कोपरे अंगापासून फाकू नयेत असा बंदोबस्त केला जातो, तेव्हा प्रश्न उरतो की बंधनात घडलेली ती हालचाल फलंदाजाची मानावी की पट्ट्याची. योगपरंपरेला हा प्रश्न परका नाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात ‘सोपाश्रय’, म्हणजे आधार घेऊन बसण्याचे आसन येते, आणि भाष्याचे टीकाकार वाचस्पती मिश्र यांनी त्याचा संबंध योगपट्टाशी, म्हणजे बैठक स्थिर राहावी म्हणून अंगाभोवती बांधायच्या पट्ट्याशी जोडला आहे. हंपीच्या १५२८ सालच्या नरसिंहमूर्तीच्या गुडघ्यांभोवतीही असा पट्टा कोरलेला आहे (देवाला आधार चालतो, तिथे साधकाने संकोच का करावा?). पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनीही पट्टे, ठोकळे आणि दोर यांना शिकवणीत मानाचे स्थान दिले.

तरीही पट्टा बांधणे म्हणजे अभ्यास नव्हे. अभ्यास, म्हणजे स्थैर्यासाठी केलेला प्रयत्न, दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक केला तरच दृढ होतो, असे योगसूत्रकार पतंजली मानतात. यांपैकी सातत्याला पट्ट्याची मदत होईल, आदर मात्र तो पुरवू शकत नाही. गोंदियालगतच्या फुलचूरमधील एखाद्या मुलाने दुपट्ट्याने कोपरे बांधून बॅट फिरवली, तरी कसोटी हीच राहील की दुपट्टा सोडल्यावर कोपर जागेवर राहते का, आणि न राहिल्यास ते त्याचे त्यालाच कळते का.