तुरुंगातील विवाह

तुरुंगात असलेल्या माणसाने लग्न करावे काय? असे विचारताच बहुतेकांच्या तोंडून 'नको' असेच उत्तर येते. मीही पूर्वी तेच दिले असते.

अमेरिकेतील मिसूरी राज्यात एकेकाळी असा नियम होता की, अधीक्षकाच्या परवानगीवाचून कैद्याने लग्न करू नये. आणि परवानगी मिळायची ती सबळ कारण असेल तरच. सबळ कारण म्हणजे सहसा गरोदरपण, किंवा विवाहाबाहेर झालेले मूल! अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की, प्रेमप्रकरणांतून कैद्यांत मारामाऱ्या होतात. शिवाय स्त्री कैद्यांनी आधी स्वतःच्या पायांवर उभे राहावयास शिकावे. (पुरुष कैद्यांविषयी ही दुसरी काळजी फारशी कोणास वाटलेली दिसत नाही.) १ जून १९८७ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने लग्नाविषयीचा हा नियम एकमताने रद्द केला. एकत्र राहणे नसले तरी लग्नात पुष्कळ काही शिल्लक राहते, असे न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी निकालपत्रात दाखविले: एकमेकांस आधार, चारचौघांसमोर दिलेले वचन, त्याचा धार्मिक अर्थ, आणि सुटकेनंतरच्या संसाराची आशा.

हक्काचा प्रश्न असा सुटला. पण पाळकासमोर येऊन बसलेल्या मुलीचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. न्यायाधीशाने तिला शिक्षा दिलेली नसते, तरी ती भोगावी लागते. भेटीच्या दिवशी कामावर खाडा, गाडीभाडे, शेजारणींचे प्रश्न. आपल्या देशात तर कैद्यांपैकी बहुसंख्य कच्चे कैदी आहेत. किती दिवस वाट पाहावयाची हेही त्यांच्या माणसांना ठाऊक नसते.

मग तो तिला काय देऊ शकतो? पगार नाही, घर नाही, आजारपणात उशाशी बसणे नाही. एक गोष्ट मात्र गजाआडूनही देता येते. आपल्या हातून काय घडले हे त्याने स्वतःच्या तोंडाने तिला सांगावे. वकिलाकडून नव्हे, वर्तमानपत्रातून नव्हे. त्याने ते सांगितले आहे काय, एवढेच मी आधी विचारीन. लोक काय म्हणतील, हा प्रश्न मागाहून.

असे बोलणे एका भेटीत उरकत नाही. मध्ये जाळी असते, बाजूला पहारेकरी उभा असतो. चार भेटी लागल्या तर लागू द्याव्यात. त्यानंतरही तिने 'हो' म्हटले, तर परवानगीचा अर्ज घेऊन पाळकाने तिच्याबरोबर तुरुंगाच्या फाटकापर्यंत जावे.