मेथीची जुडी

नाशिकजवळच्या ओझरला विमानांचा कारखाना आला १९६४ साली. मिग विमानं सोव्हिएत तंत्रज्ञानाची, त्यामुळे तिकडचे तंत्रज्ञही आले. पुढे सुखोई आलं, रशियाशी नातं टिकलं.

असं कामासाठी आलेल्याला परमुलखात घर मिळतं, पगार सुरू होतो, तरी माणूस बरेच दिवस पाहुणाच असतो. तो रुळतो कुठे? मला वाटतं, भाजीबाजारात.

माझ्या डोळ्यांसमोर एक बाई येते. बर्फाच्या मुलखातली, आपल्या निफाडच्या थंडीला थंडी न म्हणणारी, पण मे महिन्याच्या उन्हानं कासावीस झालेली. मेथीची जुडी उचलून ती खुणेनं विचारते, ही करायची कशी? भाजीवाली मावशी पानं खुडून दाखवते, लसणाच्या चार पाकळ्या सोबत देते. पुढच्या बाजाराला मावशीच तिला लांबून हाक मारते. त्या हाकेची किंमत परक्या गावात राहिलेल्यालाच कळते.

आज आपली लेकरं जर्मनीत, कॅनडात आहेत. आई फोनवर आधी विचारते, "जेवलास का?" मग विचारते, "शेजारी कोण राहतं रे?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यायला कधीकधी वर्ष जातं.