तबिथेच्या मैत्रिणी



ईस्टरचा सण झाला आणि उन्हाळा चांगलाच तापला. आपल्या उत्तन, पाली, चौकच्या किनाऱ्यावर बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत आहेत. डोंगरीच्या बाजूला आंबे पाडाला आले आहेत. कुणाच्या गच्चीवर मिरच्या पसरल्या आहेत, कुणाच्या ओट्यावर पापड, तर कुणी वर्षाचा मसाला कुटून बाटल्यांत भरण्याच्या तयारीला लागले आहे. जूनमध्ये मासेमारी बंद होईल, पाऊस येईल, त्याआधी घरात काय काय भरून ठेवायचे याचा हिशेब प्रत्येक घरची बाई मनात मांडत असते. २००२ साली मिरा-भाईंदरची महानगरपालिका झाली आणि कागदावर आपण शहरवासी झालो. परंतु एप्रिल-मे महिना आला की आपल्यातले गाव पुन्हा जागे होते.

या उन्हाळी कामांपैकी एक काम आता कमी होत चालले आहे. ते म्हणजे गोधडी शिवणे. आपल्यातील वयस्कर भगिनींना ते चांगले आठवत असेल. दुपारची जेवणे आटोपली की पडवीत नाही तर मांडवाखाली जुनी लुगडी, विरलेली धोतरे, चादरी एकावर एक अंथरायच्या. सुरकुती राहू नये म्हणून हाताने सारख्या करायच्या. मग चौघी-पाचजणींनी चारी बाजूंना बसायचे, आधी कडा धरून घ्यायच्या आणि धावदोरा घालत घालत बाहेरून आत, मधोमध यायचे. एका बाईने एकटीने शिवायचे म्हटले तर कितीतरी दिवस लागायचे. मैत्रिणी बसल्या की काम कधी संपले ते कळत नसे. हात चालत, तोंडही चालत असे. समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची काळजी, मुलीचे जमत नसलेले लग्न, दुखणारे गुडघे, न फिटलेले कर्ज, सगळे त्या गोधडीभोवती बोलले जाई. अँजेलसची घंटा झाली की सुया थांबत, प्रार्थना होई आणि पुन्हा टाके सुरू होत. कुणाचा टाका बारीक, कुणाचा लांब, कुणाचा थोडा तिरका. गोधडी पूर्ण झाल्यावरही कोणती बाजू कुणी शिवली आहे हे त्या मैत्रिणींना बोट ठेवून सांगता येत असे.

आपल्या धर्मग्रामातील एका आजींना काही महिन्यांपूर्वी भेटण्याचा योग आला. त्यांच्या खाटेवर एक जुनी गोधडी होती. तिच्या एका कडेवरून हात फिरवीत त्या म्हणाल्या, "फादर, ही बाजू तिची." चाळीसएक उन्हाळे जिच्यासोबत त्यांनी गोधड्या शिवल्या, मसाले कुटले, बाजाराच्या टोपल्या उचलल्या, ती त्यांची मैत्रीण पावसाळ्यात देवाघरी गेली होती. आजी पुढे म्हणाल्या, "सगळे तिच्या मुलाला भेटले, सुनेला भेटले. ते बरोबरच आहे. पण माझ्याकडे कोण आलं? मी तिची कोण लागते?"

बंधुभगिनींनो, हा प्रश्न आपण सर्वांनी मनावर घेण्यासारखा आहे. आपल्याकडे मृत्यू झाला की दुःखाचीसुद्धा एक रांग असते. पती किंवा पत्नी, मुले, भावंडे, मग सोयरे. चर्चमध्ये पुढचे बाक त्यांच्यासाठी असतात. लोक त्यांचे हात हातात घेतात, त्यांच्या घरी जेवण पाठवतात, महिन्याच्या मिस्साला त्यांची नावे घेतात. मैत्रीण मात्र मागच्या बाकावर बसते. दफन झाल्यावर घरी येते, दाराला कडी लावते आणि एकटीच रडते. रोज संध्याकाळी जिच्या ओट्यावर बसायचे, तो ओटा आता रिकामा आहे, हे तिला कुणी विचारत नाही. कारण नात्याच्या यादीत तिचे नावच नाही.

पवित्र शास्त्रात मात्र अशा मैत्रिणींना जागा आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात, ३६ ते ४२ या ओव्यांत, ही घटना आली आहे. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या आठवड्यातील शनिवारी, म्हणजे आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात, हा उतारा मिस्सामध्ये वाचला जातो. यापो हे समुद्रकाठचे बंदर होते. आपल्या गावासारखे तिथेही होड्या, जाळी आणि खारा वारा असणार. तिथे तबिथा नावाची एक शिष्या राहत होती. ग्रीक भाषेत तिला दुर्कस म्हणत. दोन्ही नावांचा अर्थ एकच, हरिणी. संपूर्ण नव्या करारात स्त्रीसाठी 'शिष्या' हा ग्रीक शब्द एकदाच आला आहे आणि तो या तबिथेसाठी आला आहे. तिने प्रवचने दिल्याचे किंवा दूरदेशी प्रवास केल्याचे कुठे लिहिलेले नाही. ती दानधर्म करीत असे आणि विधवांसाठी कपडे तयार करीत असे, एवढेच आपल्याला कळते.

तबिथा आजारी पडली आणि मरण पावली. तिला आंघोळ घालून माडीवरच्या खोलीत ठेवण्यात आले. संत पेत्र जवळच लोद गावी आहे असे समजल्यावर शिष्यांनी दोन माणसे पाठवून त्याला ताबडतोब बोलावून घेतले. पेत्र आला. माडीवर गेला तेव्हा त्याच्याभोवती त्या विधवा उभ्या होत्या. त्या रडत होत्या आणि तबिथेने त्यांच्यासोबत असताना शिवलेले अंगरखे नि वस्त्रे त्याला दाखवीत होत्या.

या प्रसंगात तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की येथे तबिथेच्या नवऱ्याचा, मुलाबाळांचा, भावाबहिणींचा उल्लेखच नाही. कदाचित असतील, कदाचित नसतील. संत लूकने आपल्याला दाखवल्या त्या शोक करणाऱ्या विधवा. त्या काळी विधवेला फारसे कुणी विचारत नसे. अशा स्त्रियांच्या अश्रूंना लूकने आपल्या ग्रंथात मानाचे स्थान दिले. मैत्रीचे दुःख हेही खरे दुःख आहे, हे त्यातून आपल्याला कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे पेत्राने त्यांचे ऐकून घेतले. त्याने त्यांना गप्प बसा असे म्हटले नाही, श्रद्धा कमी आहे म्हणून रागावला नाही. त्याच्या हातात एकेक कपडा दिला जात होता. हा माझा, हा माझ्या मुलीचा, हा थंडीत दिला होता. पुस्तकात हे शब्द नाहीत, परंतु कपडे दाखवणाऱ्या बायका मुक्या राहिल्या असतील असे वाटत नाही. पेत्राने हे सगळे आधी पाहिले आणि मग सर्वांना बाहेर पाठवून तो गुडघे टेकून प्रार्थनेला बसला.

तिसरी गोष्ट अशी की तबिथा उठली तेव्हा पेत्राने पवित्र जनांना आणि त्या विधवांना बोलावले व तिला जिवंत अशी त्यांच्यापुढे उभे केले. ज्यांनी तिला गमावले होते, त्यांच्याच हाती ती परत दिली गेली.

आता तुमच्यापैकी कुणी मनात म्हणेल, फादर, तबिथा उठली. माझी मैत्रीण का उठली नाही? आम्हीही रडलो, आम्हीही जपमाळ केली, नवस केले. हा प्रश्न मनात येणे पाप नाही. त्याच पुस्तकात संत स्तेफनला दगडमार करून मारले गेले आणि भक्तिमान माणसांनी मोठा शोक करून त्याला पुरले. प्रेषित याकोबचा हेरोद राजाने तलवारीने वध केला. या दोघांना कुणी उठवले नाही. आणि तबिथासुद्धा पुढे कधीतरी पुन्हा मरण पावलीच असणार. तिला मिळालेले जीवन हे अखेरचे उत्तर नव्हते, ती एक खूण होती. अखेरचे उत्तर म्हणजे पुन्हा न मरणारा पुनरुत्थित प्रभू येशू. त्याच्या ठायी आपली मृत माणसे जिवंत आहेत, अशी आपली श्रद्धा आहे. 'संतांची संगती' आम्ही मानतो असे आपण दर रविवारी म्हणतो, तेव्हा त्या संगतीत आपल्या गोधडीच्या चौथ्या बाजूला बसणारी मैत्रीणही असते. ही आशा दुःख पुसून टाकत नाही. लाजर उठणार हे ठाऊक असूनही प्रभू येशू आपल्या त्या मित्राच्या कबरेपाशी रडला.

आपले गेलेले माणूस कापडात जपण्याची रीत जगभर आढळते. १९८७ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात क्लीव्ह जोन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी एड्सने मरण पावलेल्या मित्रांच्या स्मरणार्थ एक मोठी गोधडी सुरू केली. त्या काळी या आजाराची इतकी भीती आणि लाज होती की अनेकांच्या घरच्यांनीही त्यांच्याकडे पाठ फिरवली. तेव्हा मित्रांनी तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे साधारण एका कबरेएवढा, कापडाचा तुकडा घेतला आणि त्यावर गेलेल्या मित्राचे नाव शिवले. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला वॉशिंग्टन येथे ती गोधडी अंथरली गेली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. आज ते ५०,००० च्या आसपास आहेत. ज्यांच्यासाठी रडायला कुणी तयार नव्हते, त्यांच्यासाठी मित्रांनी सुई हाती घेतली.

इतक्या दूर जायलाही नको. गोव्याच्या दक्षिणेला, कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांतील अनेकांना गुलाम म्हणून आणले गेले होते. त्यांच्यात ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत, मुसलमान आहेत. या तिन्ही धर्मांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. त्याही कडेपासून सुरुवात करून मध्यापर्यंत येतात. शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून छोटी त्रिकोणी 'फुले' लावतात. या फुलांनी ऊब वाढत नाही. तरीही ती नसतील तर कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. प्रेमाचेही असेच असते. गरजेपुरते देऊन ते थांबत नाही, कोपऱ्याला एखादे फूल लावूनच उठते.

तेव्हा बंधुभगिनींनो, या उन्हाळ्यात आपण काय करू शकतो? काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

आपल्या घरात अलीकडे मृत्यू झाला असेल तर आई-वडिलांच्या मित्रमैत्रिणींची आठवण ठेवा. महिन्याच्या किंवा वर्षाच्या मिस्साला त्यांना बोलवा आणि आपल्यासोबत पुढच्या बाकावर बसवा. आईची एखादी साडी तिच्या मैत्रिणीला द्या. कपाटात ठेवलेल्या साडीला कसर लागेल, तिच्या गोधडीत ती अनेक वर्षे ऊब देईल.

शेजारी एखादी वृद्ध भगिनी एकटी पडली असेल तर तिच्याकडे जा. ती जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगेल. त्या विधवांनी कपडे दाखवले तसे ती फोटो दाखवील, भांडे दाखवील, गोधडीची कड दाखवील. घाई करू नका. पेत्राला दोन माणसे पाठवून तातडीने बोलावले होते, तरीही त्याने ते कपडे पाहिले.

भाईंदर आणि मिरा रोडच्या इमारतींमध्ये राहणाऱ्या कुटुंबांना पडवी नाही, मांडव नाही. पण दार उघडे ठेवता येते. मे महिन्याच्या सुट्टीत मुले घरी असतात. त्यांना आजीजवळ बसवा, सुईत दोरा ओवायला सांगा. आजीच्या डोळ्यांना ते जमत नाही आणि मुलांना आजीच्या मैत्रिणींची नावे ठाऊक नाहीत. दोघांचेही काम होईल.

आणि तुमची मैत्रीण गेली असेल, तर तिच्यासाठी रडताना संकोच करू नका. तुम्ही तिच्या कुणीतरी लागत होता. तिने तुमच्या आयुष्यात घातलेले टाके तुमच्याजवळ आहेत. प्रार्थनेत ते प्रभूला दाखवा. हा दिवस तिने सावरला होता, हे कर्ज तिने फेडायला मदत केली होती, हे बाळ तिने सांभाळले होते, असे एकेक त्याच्यापुढे मांडा. मग तिची राहिलेली बाजू तुम्ही शिवा. ती ज्या आजाऱ्याकडे पेज घेऊन जात होती, त्याच्याकडे तुम्ही जा. ज्या सुनेला ती समजावीत होती, तिच्याशी तुम्ही बोला.

हे दयाळू प्रभू, तू आपल्या मित्रासाठी अश्रू ढाळलेस. ज्या मैत्रिणींच्या दुःखाची कुणी विचारपूस केली नाही, त्यांच्याजवळ तू बस. आमच्यातून गेलेल्या सर्व मित्रमैत्रिणींना तुझ्या घरी ऊब आणि विसावा दे आणि आम्हां सर्वांना एक दिवस पुन्हा एकत्र बसव. आमेन.