समतेचा अभ्यास



वारीच्या वाटेवर वारकऱ्यास वारकरी भेटला की तो त्याच्या पायांवर डोके ठेवतो, आणि दुसराही लगेच खाली वाकतो. आधी जात विचारायची, मग वाकायचे, असे तेथे नाही. पण वाट संपते, गोपाळकाला होतो, आणि घराचा उंबरा ओलांडताच तीच मान पुन्हा ताठ होते. असे का? आम्हांस याचे एकच उत्तर दिसते : समता आपण मानतो, पण तिचा अभ्यास करीत नाही.

कोणी म्हणेल, समता ही अंतरीची वस्तू. तिला शिबिरे नि वर्ग कशाला? अहो, नामही अंतरीचेच, तरी हाती माळ लागतेच ना? पावली कोणी आईच्या पोटातून शिकून येतो का? पोर टाळकऱ्यांच्या ओळीत उभे राहते, दहादा चुकते, तेव्हा कुठे पाय ठेक्यात पडतो.

याला दृष्टांत अमेरिकेतला आहे, पण त्याचा धागा आपल्या नागपुरातून गेलेला आहे. जेम्स लॉसन नावाचे तरुण कृष्णवर्णीय मिशनरी १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधीजींच्या सत्याग्रहाचा त्यांनी येथे अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर नॅशव्हिल नगरात त्यांनी विद्यार्थ्यांची शिबिरे घेतली. त्या नगरात कृष्णवर्णीयाने दुकानात पैसे मोजून माल घ्यावा, पण त्याच दुकानातल्या फराळाच्या टेबलाशी बसू नये, असा दंडक होता.

१९५९ साली ही मुले एका चर्चमध्ये जमत. काही जण निंदकाचे सोंग घेत. शिव्या देत, ढकलीत, तोंडावर धूर सोडीत. बाकीचे बसून सोसायला शिकत. उलट हात नाही, उलट शब्द नाही, आणि जागाही सोडायची नाही. १३ फेब्रुवारी १९६० रोजी ती मुले खरोखरच त्या टेबलांशी जाऊन बसली. २७ फेब्रुवारीला त्यांना मार बसला, आणि पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून मार खाणाऱ्या ऐंशीएक जणांना धरले. १९ एप्रिलला त्यांच्या वकिलाच्या घरी बाँबचा स्फोट झाला, तेव्हा हजारो लोक मुकाट्याने चालत नगरपालिकेवर गेले. डायान नॅश या एकवीस वर्षांच्या मुलीने महापौरांना भर लोकांत विचारले, केवळ रंगावरून माणसाला दूर ठेवणे योग्य आहे का? नाही, असे त्यांना कबूल करावे लागले. १० मे रोजी ती टेबले खुली झाली. त्याच मुलांतील बर्नार्ड लाफायेट १९६३ साली सेल्मा गावी जाऊन तेथील लोकांचे वर्ग घेऊ लागले. शिकलेली पोरे शिकविणारी झाली.

आता आपल्याकडे पाहू. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे. त्यांना आत येऊ दिले नाही, याची ती साक्ष. ते दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणास बसावे लागले. दार उघडले, मने किती उघडली? आपला देव सावळा. त्या काळ्या मूर्तीपुढे आपण लोटांगण घालतो, आणि घरी येऊन सून मात्र गोरी हवी म्हणतो! शहरात शिकायला आलेल्या ईशान्येकडील लेकरांना त्यांच्या चेहऱ्यावरून हाका मारणारे आपलेच नातू असतात. हा काय विठ्ठलाचा अपमान नव्हे?

म्हणून आमची विनंती आहे. या चातुर्मासात प्रत्येक दिंडीने एक संध्याकाळ तरुण मुलामुलींच्या हाती द्यावी. कोणाला कशावरून हिणवले जाते, हिणविणाऱ्याला कसे थांबवावे, आणि आपली जीभ कशी आवरावी, याचा सराव त्यांनी सर्वांकडून करून घ्यावा. ज्यांना ते सोसावे लागते त्यांना मानाने बोलवावे, त्यांचे ऐकावे, आणि मग एका पंगतीला बसावे. पोरांनी थोरांना काय शिकवायचे, असे मात्र म्हणू नका. वयोवृद्ध चांगदेवांनी लहानग्या मुक्ताईस गुरू मानले, ते आपल्याच घरचे उदाहरण आहे.

वाटेवर वाकणारी मान घरीही वाको, हेच श्रीविठ्ठलचरणी मागणे.

रामकृष्णहरि.