मातापितृसेवा आणि चित्ताचा प्रसाद

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत, अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात आईला आणि वडिलांना देव मानण्याची आज्ञा आहे. ही आज्ञा तरुणाला केलेली आहे, आणि त्या वयात ती पाळणे फारसे कठीण नसते. आईवडील तेव्हा धडधाकट असतात. मुलाने वाकून नमस्कार केला की उभयतांचे समाधान होते. तिची खरी परीक्षा पुढे चाळीस वर्षांनी होते. देव तेव्हा अंथरुणाला खिळलेला असतो, त्याला आपल्या भक्ताचे नाव आठवत नाही, आणि त्याच्या पूजेत गंधफुलांच्या आधी मलमूत्र काढावे लागते.

वाई क्षेत्री कृष्णेच्या घाटाजवळ राहणारे एक गृहस्थ टपाल खात्यात छत्तीस वर्षे नोकरी करून साठाव्या वर्षी निवृत्त झाले. निवृत्तीनंतर नर्मदेची परिक्रमा करावी, ज्ञानेश्वरीचे सावकाश पारायण करावे, असा त्यांचा संकल्प होता. केस पिकले आणि नातवंडाचे मुख पाहिले म्हणजे गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनुस्मृती सांगते. येथे केस पिकले होते, नातवंडही झाले होते. पण वन काही आले नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या वडिलांची स्मृती गेली होती, आणि ब्याऐंशी वर्षांच्या आईचे खुब्याचे हाड मोडून ती अंथरुणावर होती. वानप्रस्थाश्रम माजघरातच मांडावा लागला.

तरी दोन वर्षे त्यांना आपण सेवा करीत आहोत असेच वाटत होते. औषधे आणणे, वैद्यांना बोलावणे, कागदपत्रांवर सह्या करणे, ही कामे ते मनापासून करीत. उरलेले सारे त्यांची पत्नी करीत असे. पुष्कळ घरांत मातृपितृभक्तीचे पुण्य मुलाच्या नावावर जमा होते आणि कष्ट सुनेच्या नावावर. हा हिशेब तपासण्याची वेळ सहसा येत नाही. या घरी ती आली. मुलीच्या बाळंतपणासाठी पत्नीला पुण्यास जावे लागले आणि कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंतचे सात दिवस हे गृहस्थ आईवडिलांपाशी एकटे राहिले. मुंबईस असलेला धाकटा भाऊ रोज रात्री दूरध्वनीवरून पुष्कळ सूचना करीत असे, एवढीच काय ती मदत.

नवमीला त्यांना कळले की दर दोन तासांनी आईची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीची कातडी फुटते. आणि हे रात्रीही चुकत नाही. वृद्ध माणसाला पाणी पाजताना मान किंचित पुढे घ्यावी लागते, नाहीतर ठसका लागतो. अंग पुसण्याचे पाणी आपल्या हाताला कोमट वाटले तरी त्या पातळ त्वचेला कढत लागते. छत्तीस वर्षे ज्या घरात जेवले त्या घरातील ही विद्या त्यांना ठाऊक नव्हती.

महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषींनी युधिष्ठिराला धर्मव्याधाची कथा सांगितली आहे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण धर्म जाणून घेण्यासाठी मिथिलेस एका मांसविक्रेत्याकडे येतो. व्याध त्याला धर्माची सूक्ष्म चर्चा ऐकवितो खरा. पण शेवटी घरात नेऊन, शुभ्र वस्त्रे नेसून, जेवून तृप्त होऊन आसनावर बसलेले आपले वृद्ध आईवडील दाखवितो, आणि आपली दैवते हीच, असे सांगतो. पत्नी व पुत्र यांच्यासह तो त्यांची सेवा करतो. परंतु त्यांना स्नान घालणे, त्यांचे पाय धुणे, त्यांना अन्न देणे, ही कामे आपण स्वतः करतो, असे तो मुद्दाम म्हणतो. त्या ‘स्वतः’ या शब्दात सारी कथा आहे. कौशिकाने वेदाध्ययनासाठी आईवडिलांची अनुज्ञा न घेताच घर सोडले होते आणि ती दोघे शोकाने आंधळी झाली होती. इतक्या तपानंतर त्याला मिळालेला उपदेश घरी परत जाण्याचा होता.

त्याच व्याधाने आणखी एक गोष्ट सांगितली आहे: आईवडिलांना रुचेल तेच आपण बोलतो, अप्रिय ते टाळतो. वाईच्या त्या घरी याच ठिकाणी मोठी अडचण होती. दिवेलागणीच्या सुमारास वडील अस्वस्थ होत आणि विचारीत, “दादा आला का?” दादा म्हणजे त्यांचे वडील बंधू. त्यांना जाऊन पन्नास वर्षे झाली होती. पहिले दोन दिवस मुलाने खरे ते सांगितले. वडिलांनी ती वार्ता दोन्ही दिवस प्रथमच ऐकली आणि दोन्ही दिवस सद्यःशोकाने हंबरडा फोडला. सत्य बोलावे, हे तर खरेच. पण गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना भगवंतांनी सत्याला एकटे ठेवलेले नाही. ते बोलणे दुसऱ्याला उद्वेग न देणारे, प्रिय आणि हितकारकही असले पाहिजे. मग खोटे बोलावे काय? एकादशीच्या संध्याकाळी प्रश्न आला तेव्हा मुलाने अंथरुणाशी बसून विचारले, “अप्पा, दादाकाका पुरात पोहायचे म्हणतात, ते खरे का?” आणि वडील सांगू लागले. कृष्णेला आलेला पूर, पैलतीर गाठून ओल्या धोतराने परतलेला दादा, आईने त्याला दिलेला मार. पाऊण तास ते हसत बोलत होते. मुलाने असत्य उच्चारले नाही आणि वडिलांना दुःखही झाले नाही. वाणीचे तप ही केवळ पाठांतराची वस्तू नव्हे, हे त्या पाऊण तासात त्यांना कळून आले.

त्या दिवसांत त्यांना आणखीही काही दिसू लागले. पहाटे आईची कूस बदलून झाल्यावर झोप येत नसे. तेव्हा घाटावरच्या देवळातील काकडआरतीचे स्वर अंधारातून येत. मागील दारी पारिजातकाचा सडा पडलेला असे. एक ओंजळ आणून उशाशी ठेवली की आई डोळे न उघडताच म्हणे, “कार्तिक आला वाटतं.” द्वादशीला तिच्या केसांना तेल लावीत असता ती म्हणाली, “तुझा हात तुझ्या आजीसारखा जड आहे रे!” आणि दोघेही हसली. चहा निवून गेलेला असला तरी ओट्यावर उन्हात बसून पिताना गोड लागे.

येथे सात्त्विक मनाला एक शंका येते, ती त्यांनाही आली. आईवडील पैलतीराच्या वाटेवर असताना आपण फुले हुंगावी, चहाचा स्वाद घ्यावा, हे योग्य आहे काय? शिवाय इंद्रियस्पर्शातून होणारे भोग आदि-अंत असलेले आणि दुःखाचीच उगमस्थाने होत, असे पाचव्या अध्यायात सांगितलेच आहे. परंतु दुसऱ्या अध्यायात भगवान असेही सांगतात की रागद्वेष सोडून, ताब्यात असलेल्या इंद्रियांनी विषयांत वावरणारा पुरुष प्रसाद पावतो, आणि त्या प्रसादात त्याची सारी दुःखे मावळतात. फूल तेच, नाकही तेच. भेद आहे तो मागणीत. जे मिळालेच पाहिजे म्हणून ओरबाडले तो भोग. जे वाटेत हाती आले, घेतले आणि ज्याच्यासाठी पुढचे काम थांबविले नाही, तो प्रसाद. शुश्रूषा करणाऱ्याने सुतकी चेहऱ्यानेच वावरले पाहिजे, अशी शास्त्राची आज्ञा नाही. तसा चेहरा रोग्याला दुसऱ्या रोगासारखाच जाचतो.

पण मागणी सहज सुटत नाही. वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री आईला बरे नव्हते. सकाळपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. आहारविहाराप्रमाणे निद्राही युक्त असावी, असे गीता सांगते ते उगीच नव्हे. दुपारी वडिलांनी मऊ भाताची वाटी भिरकावली आणि विचारले, “तुम्ही कोण? माझ्या घरात काय करता?” मुलाच्या तोंडून कठोर शब्द गेले, आवाज चढला. वडिलांनी मार चुकविणाऱ्या पोरासारखा हात तोंडापुढे धरला.

ते मागील दारी येऊन पारिजातकाखाली बराच वेळ उभे राहिले. राग सांडलेल्या भाताचा नव्हता. सहा दिवस राबूनही आपल्याला कोणी ओळखत नाही, याचा तो होता. आयुष्यभर महिन्याच्या अखेरीस वेतन घेतलेला माणूस येथेही वेतन मागत होता. फक्त ते पैशाऐवजी ‘बाळ’ या एका हाकेत हवे होते. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगितले आहे ते हेच, की जो उलट उपकार करू शकत नाही त्याला, देणे हे कर्तव्य म्हणून दिलेले. आईवडिलांचे पूर्वीचे उपकार डोंगराएवढे असतात, हे कोण नाकारील? पण ज्याची ओळखच पुसली गेली, तो आज काय परत देणार? आपले नाव ज्याच्याजवळ उरले नाही अशा माणसाला भात भरविणे, एवढेच निर्मळ दान बहुतेकांच्या वाट्याला उभ्या जन्मात येते. ते आत गेले, लादी पुसली, दुसरा भात कालवला. वडिलांना काहीच आठवत नव्हते. स्वतःच्या शब्दांचे शल्य एकट्या मुलाजवळ राहिले, आणि ते त्यांनी राहू दिले.

त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी त्यांनी आईचा पलंग खिडकीशी सरकविला आणि वडिलांना धरून ओट्यावर खुर्चीत बसविले. शेजारची मुले ताटांत पणत्या घेऊन घाटाकडे चालली होती. दुसऱ्या दिवशी पत्नी परतणार होती. दिवेलागण झाली, पण त्या दिवशी वडिलांनी दादाचे नाव काढले नाही. ते बराच वेळ दिव्यांकडे पाहत होते. मग शेजारी बसलेल्या माणसाकडे वळून त्यांनी आदराने विचारले, “आपण कोण?”

“इथलाच. या घरचाच आहे,” मुलाने सांगितले.

वडिलांनी थोडा विचार केला. “असं होय? मग जेवल्यावाचून जाऊ नका हं,” ते म्हणाले, आणि आपल्या अंगावरची शाल काढून त्यांच्या गुडघ्यांवर घालू लागले.