सावली सरकताना

"आजोबा, इथे तर काहीच हलत नाही."

माघातल्या एका सकाळी मानमंदिर घाटावरच्या वेधशाळेत, सम्राट यंत्रासमोर उभी राहून माझी दहा वर्षांची नात असे म्हणाली. दिवसभर ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. मुलगी-जावई नोकरीमुळे बनारसला राहतात, म्हणून दर थंडीत मी पुण्याहून महिनाभर तिकडे जातो. आदल्याच आठवड्यात नातीच्या वर्गात सूर्य आणि सावलीचा धडा झाला होता. भिंतीवरच्या पडद्यावर सूर्य उगवला, चढला, मावळला. झाडाची सावली या टोकाहून त्या टोकाला गेली. मागे बासरी वाजत होती. चाळीस सेकंदांत दिवस संपला आणि बाईंनी पुढचा धडा लावला.

मी तीस वर्षे भूगोल शिकवला आहे. हे यंत्र सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात, १७३७च्या सुमारास उभारले. त्याची तिरकी भिंत ध्रुवाकडे रोखलेली आहे, म्हणून तिचा चढ बनारसच्या अक्षांशाइतका, सुमारे २५ अंशांचा. भिंतीची सावली बाजूच्या दगडी कमानीवर पडते आणि तीन-चार मिनिटांत दोन बोटे तरी सरकते. नातीने अर्धे मिनिट पाहिले आणि निकाल दिला. मला राग आला तो तिचा नव्हे, त्या चाळीस सेकंदांचा. शाळेपासून वेधशाळा दोन कोसांवरसुद्धा नाही, आणि मुलांना सावली पडद्यावर बघावी लागते!

पडदे, प्रोजेक्टर, स्मार्ट क्लास, टाळेबंदीतले मोबाइलवरचे वर्ग, हे सगळे वाचकांनी पाहिले आहे. पुण्याच्या 'बालचित्रवाणी'चे कार्यक्रम ज्यांनी शाळेत असताना पाहिले, त्यांची मुले आता यूट्यूबवर धडे पाहतात. १९८४ साली सुरू झालेली ती संस्था २०१७ साली बंद झाली, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हा मी चित्राचा वैरी नाही. माझे म्हणणे एवढेच, की वर्गातली चित्रे दोन जातींची असतात. एक भूक लावते, दुसरे भूक भागवते. पहिले पाहिल्यावर मूल विचारते, 'मग पुढे काय झाले?' दुसरे पाहिल्यावर ते म्हणते, 'कळले.' हे 'कळले' फार फसवे असते. शिक्षकालाही ते गोड लागते, म्हणून तो त्याच्यावर विसंबतो.

नोकरीत असताना एका प्रशिक्षण वर्गात एका तज्ज्ञांनी आम्हाला तक्ता दाखवला होता. माणूस वाचलेले १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेले २० टक्के, पाहिलेले ३० टक्के, पाहिले-ऐकलेले ५० टक्के, असे करत करत तक्ता ९० टक्क्यांपर्यंत चढत होता. खाली नाव होते एडगर डेलचे. 'म्हणून प्रत्येक तासाला दृक्-श्राव्य साधन हवेच,' असे ते म्हणाले आणि आम्ही शंभर शिक्षकांनी ते वहीत उतरवून घेतले. पुढे मी डेलचा शोध घेतला. १९४६ साली त्याने 'अनुभवाचा शंकू' मांडला हे खरे, पण त्यात टक्क्यांचा एकही आकडा नाही. आकडे मागाहून कुणीतरी चिकटवले. शंकूच्या पायऱ्या काटेकोर धरू नका, असे डेलने स्वतःच बजावले होते. खरे तर आकडे पाहूनच आम्हाला शंका यायला हवी होती. माणसाची स्मरणशक्ती दहाच्या पाढ्यात कधी चालते का? त्या तज्ज्ञांची तळमळ खरी होती हे मला मान्य आहे. पण त्या एका तक्त्याने शिक्षकांच्या दोन पिढ्यांना शिकवले, की चित्र लावले म्हणजे शिकवून झाले. हे नुकसान मी त्यांना माफ करू शकत नाही.

खरे प्रयोग वेगळेच सांगतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केले. शब्दांच्या जोडीला चित्र आले तर शिकणाऱ्यांना अधिक उमजते, हे त्यांना दिसले. पण विषयाशी नाते नसलेले संगीत आणि रंजक तपशील घातले की समज उणावते, आणि निवेदन चालू असताना तेच शब्द पडद्यावरही छापले तर शिकणाऱ्याचे लक्ष फाटते, हेही दिसले. २००५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीज कशी पडते, समुद्राच्या लाटा कशा उठतात, गाडीचा ब्रेक कसा लागतो अशा विषयांवर दोन गटांची तुलना केली. एका गटाला निवेदनासह हलती चित्रे दिली, दुसऱ्याला कागदावरची स्थिर चित्रे आणि मजकूर. स्थिर चित्रांचा गट कुठेच मागे पडला नाही, काही कसोट्यांत तर पुढेच गेला. मला यात नवल वाटले नाही. चित्र थांबलेले असले की ते हलवण्याचे काम मुलाच्या मनाला करावे लागते, आणि शिकणे म्हणतात ते हेच काम.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी हे पूर्वापार जाणतात. एका कथेची एक पोथी, म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा. वाद्याच्या साथीवर कथा गात-सांगत एकेक चित्र पुढे धरायचे. चित्रातला राक्षस जागचा हलत नाही, बाण धनुष्यातच असतो. बाण सुटतो तो सांगणाऱ्याच्या आवाजात आणि लागतो तो ऐकणाऱ्याच्या मनात. चित्र आणि आवाज एकत्र कसे नांदवावेत, हे शिकायला आपल्याला लांब जायला नको होते.

आवाजाचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर करतो, कारण बनारसमध्ये मला सर्वांत जास्त ओढ आवाजाची असते. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, रामघाट या भागात मराठी वैदिक घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. सकाळी त्या गल्ल्यांतून जाताना संथा कानावर पडते. गुरुजी एकदा म्हणतात, मुले पुन्हा पुन्हा म्हणतात. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेची मुले म्हणता म्हणता हातही हलवतात. स्वर चढला, उतरला की हात त्याबरोबर वर, खाली, आडवा जातो. भिंतीवर काही नाही, हातात पुस्तक नाही. ऐकायचे कानाने आणि बघायचे गुरुजींच्या हाताकडे, की लगेच आपलाही हात तसाच. अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या एकोणीस वर्षांच्या तरुणाने २०२५ साली याच काशीत, रामघाटावरच्या सांगवेद विद्यालयात, सुमारे २००० मंत्रांचे दंडक्रम या पठणपद्धतीने पारायण ५० दिवसांत पुरे केले. पाठांतराने सगळे साधते असे मी म्हणत नाही. पाठांतराखाली चिरडलेली मुले मी वर्गात पाहिली आहेत. पण त्या गल्लीतल्या मुलाच्या कानाला आणि हाताला जे काम मिळते, ते आमच्या वर्गात बासरीच्या सुरावर पडदा बघत बसलेल्या मुलाला मिळत नाही.

इथवर माझी बाजू पक्की होती. पडदा बंद करा, मुलांना यंत्रापाशी न्या, असा लेख मी संध्याकाळी लिहायलाही घेतला. लिहिता लिहिता नातीचे वाक्य पुन्हा समोर आले आणि हात थांबला.

'काहीच हलत नाही' असे म्हणायला काहीतरी हलायला हवे हे आधी माहीत असावे लागते. ते तिला कुणी सांगितले? त्या चाळीस सेकंदांनी. मी स्वतः हे यंत्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा नोकरीला लागलो होतो, आणि दगड बघून, जयसिंहाचे नाव वाचून पुढे निघालो होतो. हलण्याचा प्रश्न मला पडलाच नव्हता. म्हणजे ज्या चित्राला मी भूक भागवणारे ठरवले, त्याने तिला भूक लावली होती. चूक चित्राची नव्हती. चित्रानंतर लगेच पुढचा धडा लागला, ही चूक होती. तीच चित्रफीत दाखवून बाईंनी मुलांना अंगणात नेले असते, तर मी त्यांचे कौतुक केले असते. भूक लावणे-भागवणे हा चित्राचा गुणच नव्हे, चित्र संपल्यावर वर्गात काय होते त्याचा गुण आहे. माझा लाडका भेद मी चुकीच्या जागी ठेवला होता.

आणखी एक गोष्ट मला कबूल करायला हवी. मानमंदिरापासून दोन कोसांवर राहायचे भाग्य किती मुलांचे? गडचिरोलीच्या आश्रमशाळेतल्या मुलीला सम्राट यंत्र दिसणार ते पडद्यावरच. पडदा बंद करा, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? त्याच मानमंदिराच्या वास्तूत २०१९पासून काशीच्या वारशाचे आभासी संग्रहालय आहे. तिथे पडद्यांवर घाट दिसतात आणि वर गच्चीवर दगडी यंत्रे उन्हात उभी असतात. दोन्ही एका जिन्याने जोडलेली आहेत. वर्गातही तसा जिना लागतो, आणि तो बांधायचे काम शिक्षकाचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरच्या गच्चीवर कुंडीत एक काठी उभी केली. सूर्यसिद्धान्तात या काठीला शंकू म्हणतात. त्याची सावली त्याच्याभोवती काढलेल्या वर्तुळाला सकाळी जिथे शिवते आणि दुपारी जिथे शिवते, ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. महाराष्ट्रातून आलेले बापूदेव शास्त्री १८४२पासून बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवत. सूर्यसिद्धान्ताचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८६१ साली प्रसिद्ध झाला. मी नातीला हे सांगत होतो आणि ती आईचा फोन मागत होती. सवयीने मी नको म्हणणार होतो. ती म्हणाली, "आजोबा, मला बघायचं नाहीये, काढायचंय."

तिने फोन विटांमध्ये घट्ट बसवला आणि सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंत दर पाच मिनिटांनी एक फोटो काढला. मधे माकडांनी एकदा काठी पाडली, तेव्हा खडूच्या खुणांवरून तिने ती पुन्हा जागेवर उभी केली. संध्याकाळी सगळे फोटो एकापाठोपाठ पळवले आणि सावली पडद्यावर सरकली. बासरी नव्हती. पुण्यात तिच्या मावसभावानेही त्याच दिवशी तेच केले होते, आणि रात्री दोघे फोनवर फोटोंच्या वेळा ताडून पाहत बसले. बनारसची सर्वांत आखूड सावली होती १२ वाजून १० मिनिटांची आणि पुण्याची १२ वाजून ४५ मिनिटांची. पुणे पश्चिमेला, म्हणून तिथे मध्यान्ह उशिरा, एवढे त्यांनी आपले आपण ताडले.

मग तिने नकाशा काढला. भारताची वेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते ते बनारसच्या शेजारी, मिर्झापूरजवळून जाते. "मग आपल्याकडे तरी बरोबर बारा वाजता का नाही?"

याचे उत्तर मला ठाऊक आहे, पण मी ते तिला सांगितलेले नाही. त्यासाठी वर्षभराच्या सावल्या लागतात. काठी अजून गच्चीवर, त्याच कुंडीत उभी आहे.