राहतं घर आणि राहिलेलं घर

इंग्लंडमधलं मध्ययुगीन मॅनर हाउस, म्हणजे गावच्या जमिनीच्या धन्याचं घर, कसं होतं हे सांगताना श्रॉपशर परगण्यातल्या स्टोकसेचं नाव हमखास पुढे केलं जातं. घर देखणं आहे यात वाद नाही. माझी हरकत त्याला ‘नमुना’ म्हणण्याला आहे. सातशे वर्षांत ज्याचा गाभा जवळपास जसाच्या तसा टिकला, ते घर इतर घरांचा नमुना कसं होईल? राहत्या घराला पिढीगणिक कोणी ना कोणी हात लावतोच. सून येते, पैसा येतो, थंडी सोसवेनाशी होते, शेजाऱ्याकडे नवीन काही दिसतं. स्टोकसेला हे झालं नाही. का झालं नाही, तीच त्या घराची खरी गोष्ट आहे.

बांधणारा सरदार नव्हता, लोकरीचा व्यापारी होता. लडलो गावच्या लॉरेन्सने १२८१ मध्ये ही मालमत्ता घेतली. बापाचाही धंदा लोकरीचाच, आणि लॉरेन्सची ऐपत इतकी वाढलेली की खुद्द राजा त्याच्याकडून कर्ज घेई. १२९१ मध्ये एडवर्ड पहिला याने त्याला घराच्या तटाला चर्या बांधण्याचा परवाना दिला. चर्या, खंदक, दोन टोकांना दोन बुरूज: लांबून पाहणाऱ्याला आपल्याकडच्या एखाद्या देशमुखाची गढी आठवावी. जवळ जाऊन पाहिलं की शंका येते. मुख्य दालनाच्या उंच, रुंद खिडक्या खंदकाच्या बाजूलाही आहेत. वेल्सची सरहद्द फार लांब नव्हती, पण एडवर्डने १२८३ पर्यंत वेल्स जिंकलं होतं. ज्याला हल्ल्याची खरी धास्ती आहे तो अशा खिडक्या ठेवणार नाही. चोराचिलटांपासून बचाव होईल इतपत बंदोबस्त होता. बाकी सगळा मान होता. व्यापाऱ्याला सरदारांच्या पंगतीत बसायचं होतं आणि त्यासाठी दगडाइतकी बोलकी वस्तू दुसरी नव्हती.

तो मान त्याला फार काळ भोगता आला नाही. १२९४ मध्ये राजाने युद्धासाठी लोकरीवर जबर कर बसवला, तो ठरवण्यात लॉरेन्सचा हात होता. त्याच वर्षी लोकरीने भरलेलं त्याचं जहाज सफोकच्या किनाऱ्याजवळ बुडालं आणि त्यात तो गेला. लोकरवाल्यांचं वाईट केलं म्हणून लोकरीसकट बुडाला, असा निवाडा एका मठाच्या वृत्तांताने देऊनही टाकला. कर अखेर मेंढरं पाळणाऱ्यांच्याच, म्हणजे मठांच्याही, माथी बसला होता. तेव्हा हा निवाडा लिहिणाऱ्याचा राग समजण्यासारखा आहे.

आता दालनात येऊ. सुमारे साडेसोळा मीटर लांब आणि साडेनऊ मीटर रुंद अशी ही एकच जागा. मधे खांब नाहीत. ओकच्या वाकड्या, जाडजूड लाकडांच्या तीन कमानी वरचं सगळं छप्पर पेलतात. या लाकडांचे पाय पूर्वी भिंतीला टेकून बरेच खाली उतरत होते. आता एकोणिसाव्या शतकात बसवलेल्या दगडी आधारांवर त्यांचा भार आहे. एका टोकाला लाकडी जिना. त्याच्या पायऱ्या फळ्यांच्या नाहीत, अखंड ओंडके तासून काढलेल्या आहेत. जमिनीवर आठकोनी दगडी चौकट दिसते, ती आगटीची जागा. धुराडं नाही. जाळ दालनात पेटायचा, धूर वर चढायचा, वाशांमध्ये घुटमळायचा आणि जमेल तिथून बाहेर पडायचा. खिडक्यांना काच फक्त वरच्या भागात, खाली लाकडी झडपा. म्हणजे हिवाळ्यात झडपा लावून घ्यायच्या आणि धुरात बसायचं, किंवा उघडायच्या आणि कुडकुडायचं. धनी, कारभारी, चाकर, आलागेला सगळे याच छपराखाली जेवत, याच जाळाला शेकत. धन्याची जागा वरच्या टोकाला असे, एवढाच फरक. भेद होताच, पण तो एकमेकांच्या डोळ्यांसमोर होता.

दालनाच्या एका अंगाला, वरच्या मजल्यावर, धन्याची खाजगी खोली आहे. इंग्रजीत तिला ‘सोलर’ म्हणत. तिथे भिंतीत शेकोटी आहे, धूर थेट बाहेर नेणारी. दालनातून तिथे जायला दार नाही. बाहेर अंगणात येऊन दगडी जिना चढावा लागतो. शेकोटीच्या दोन बाजूंना मात्र भिंतीत दोन लहान झरोके आहेत. त्यांतून खाली दालनात काय चाललंय ते दिसतं. धनी उठून वर गेला, पण नजर खालीच ठेवून गेला. मला संपूर्ण इमारतीत हे दोन झरोके सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. बुरूज बाहेरच्यांसाठी होते, झरोके घरातल्यांसाठी.

ही वर जाण्याची ओढ पुढे वाढतच गेली. चौदाव्या शतकातल्या ‘पिअर्स प्लाउमन’ या दीर्घकाव्यात कवी तक्रार करतो की मालक-मालकीण आताशा दालन सोडून, धुराडं असलेल्या वेगळ्या खोलीत जेवायला बसतात आणि गरिबांना टाळतात. सोळाव्या शतकापर्यंत ही चाल साध्या शेतकऱ्यांच्या घरांपर्यंत उतरली. १५७७ मध्ये विल्यम हॅरिसन या पाद्र्याने नोंदवलं आहे की त्याच्या गावातल्या म्हाताऱ्यांना ज्या बदलांचं नवल वाटे त्यांत एक होता गावात उगवलेल्या धुराड्यांचा. जाळ भिंतीत गेला की धुरासाठी मोकळी ठेवलेली उंची फुकट जाते. मग लोकांनी दालनाच्या निम्म्या उंचीवर तक्तपोशी टाकली आणि वर झोपायच्या खोल्या काढल्या. इंग्लंडच्या दक्षिणेतल्या किती तरी घरांत आज माळ्यावर चढून वासे पाहिले तर त्यांच्यावर काजळीचा काळा थर सापडतो. वरच्या अंधारात वासे काळे, खाली गालिचा आणि टीव्ही. मध्ययुगीन घराचा खरा नमुना हवा असेल तर तो असल्या माळ्यांवर आहे, स्टोकसेत नाही.

स्टोकसेत तक्तपोशी पडली नाही, कारण ती टाकण्याची गरज असलेला माणूसच तिथे राहत नव्हता. १६२० मध्ये घर क्रेव्हन घराण्याकडे आलं. त्यांची इतरत्र मोठी इस्टेट होती. १६४० च्या सुमारास त्यांनी लाकडी चौकटीचं, पिवळ्या गिलाव्याचं झोकदार प्रवेशद्वार उभारलं आणि सोलरमध्ये कोरीवकामाची शेकोटी बसवली; एवढीच त्यांची हौस. यादवी युद्धात, १६४५ मध्ये, पार्लमेंटची फौज येताच घर फारशी झुंज न देता शरण आलं, म्हणून वाचलं. पुढे फक्त तट पाडला गेला. मग कुळं आली, गेली. अठराव्या शतकापासून घराचं गोदाम झालं. पिपं बनवणारा कारागीर आला, बुरुजात लोहाराचा भाता लागला आणि १८३० मध्ये त्या बुरुजाला आग लागली. दालनात धान्य साठवणाऱ्याला धुराड्याशी आणि झोपायच्या खोल्यांशी काय कर्तव्य?

डर्बीशरच्या हॅडन हॉलचंही असंच. मालक सतराव्या शतकानंतर बीव्हरच्या मोठ्या वाड्यात रमले, हॅडन दोनेकशे वर्षं जवळपास तसंच पडून राहिलं आणि विसाव्या शतकात वारसदार परतला तेव्हा ते हाती लागलं. उलट केंटमधलं आयटम मोट माणसांनी सतत वापरलं. तिथे एका थरावर दुसरा थर चढत गेला. चौदाव्या शतकाचं दालन, ट्यूडर काळातलं रंगीत छताचं प्रार्थनागृह, आणि अंगणात १८९० च्या दशकात एका सेंट बर्नार्ड कुत्र्यासाठी बांधलेलं लाकडी घरकुल, जे आज सर्वोच्च श्रेणीच्या संरक्षित वास्तूंत आहे. नॅशनल ट्रस्टने १९८९ ते २००४ या काळात ते भागाभागाने उसवून पुन्हा बांधलं. मला हेच घर अधिक खरं वाटतं, स्टोकसे अधिक सुंदर असलं तरी.

स्टोकसे वाचवायला पहिली धडपड केली ती फ्रान्सेस स्टॅकहाउस ॲक्टन या वनस्पतींच्या आणि पुराणवास्तूंच्या अभ्यासक बाईंनी. १८५० च्या दशकात त्यांच्या आग्रहाने डागडुजी सुरू झाली. १८६९ मध्ये हातमोज्यांचे कारखानदार जॉन डर्बी ऑलक्रॉफ्ट यांनी इस्टेट विकत घेतली आणि पैसा ओतून घर सावरलं. त्या काळी जुन्या इमारती खरवडून ‘मूळ रूपात’ आणण्याचं वेड होतं. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये त्याविरुद्ध संस्था काढली, ती यासाठीच. ऑलक्रॉफ्ट यांनी मात्र फार नवं काही घुसडलं नाही, हे त्यांचं मोठेपण. आज ‘इंग्लिश हेरिटेज’ही घर रिकामं ठेवते, उसनं फर्निचर मांडून मध्ययुगाचा देखावा करत नाही. हा निर्णय मला पटतो. त्या रिकाम्या दालनात निदान कोणी तुम्हाला फसवत नाही.

पण वाचवणारेही तिथे राहायला गेले नाहीत. ऑलक्रॉफ्ट यांनी स्वतःसाठी जवळच स्टोकसे कोर्ट नावाची भलीमोठी हवेली बांधली, १८९२ मध्ये पुरी झालेली. बाहेरून जुन्या जमान्याची, आत विजेचे दिवे. २००७ च्या ‘अटोनमेंट’ चित्रपटातलं घर म्हणजे हीच हवेली, आणि आता लोक तीही पाहायला जातात.